ब्याऐंशी मीटर

आमच्या शाळेचं मैदान ब्याऐंशी मीटर आहे.
मी मोजलंय, तांडेल सरांच्या टेपने,
एक टोक त्यांच्या बुटाखाली, दुसरं माझ्या हातात.
भिंत आली तेव्हा टेप शिल्लक होता.

कागदावर शंभर आहे.
कागदावर तर लांब उडीचा वाळूचा खड्डाही आहे,
जिथे आता पाण्याची टाकी आहे
आणि टाकीवर कावळे.

मी शिपाई. घंटा, चाव्या, खिचडीची पातेली,
आणि दिवाळी सरली की फक्की.
पत्र्याचा डबा, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं,
वाकून चालत राहायचं. मागे बघायचं नाही,
बघितलं की रेघ वाकते.
चार रेघा मावतात तुर्भ्याच्या या तुकड्यात.
पाचवीला खोखोचा खांब आडवा येतो.

रेणुका धोत्रे, आठवी ब,
खाणीवरच्या वस्तीतली.
खाण बंद झाल्यापासून बाप सेक्टर-सेक्टर फिरतो,
पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायला.
पाटा कुठे असतो हल्ली कुणाच्या घरात?
शाळेने दिलेले बूट हिने धाकट्या भावाला दिले,
तो पुढे कागद कोंबून घालतो.
ही अनवाणी.

ती पळायला लागली की मी घंटा विसरायचो.
एकदा खरंच विसरलो.
गणिताचा तास दहा मिनिटं लांबला,
खैरमोडे बाईंनी मेमो दिला.
जपून ठेवलाय.

धावत येऊन ती भिंतीला दोन्ही तळवे लावायची.
‘पाणी जपून वापरा’ मधल्या ‘पा’च्या खाली
तिच्या हातांचे डाग आहेत,
दरवर्षी थोडे वर सरकलेले.

स्पर्धा नेरूळला.
लाल, मऊ ट्रॅक. तिने वाकून दाबून पाहिला,
पीठ नीट मळलंय का बघावं तसा.
मग शिट्टी.
नाही, शिट्टी आमच्याकडे. तिथे बार काढतात.
दचकली, तरी साठला पुढे,
सत्तरला पुढे,
ऐंशीला पुढे,
आणि मग तिने पावलं आखडली,
दोन्ही हात पुढे केले,
तळवे उघडे,
जिथे भिंत नव्हती तिथे.

पाच जणी बाजूने निघून गेल्या.
कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, घाबरली.
घाबरली नव्हती हो.
पायांना जेवढं शिकवलं
तेवढं त्यांनी चोख केलं.

परतीच्या बसमध्ये सर गप्प.
शिरवण्याच्या सिग्नलला एवढंच,
अठरा मीटर कुठून आणू रे?

अर्ज केला. अर्जाला नंबर मिळाला.
नंबराला उत्तर नाही.
शेवटी मीच म्हणालो, सर, मागचं गेट.

आता शनिवारी सकाळी सातला
कचऱ्याच्या गाडीचं ते गेट उघडतो.
एक रेघ बाहेर पडते, गटाराच्या फरशीवरून,
रस्ता ओलांडून
मढवींच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीशी थांबते.
घंटेचा टोल घेऊन मी रस्त्यात उभा.
रिक्षा थांबतात. एखादा शिवी घालतो,
एखादा इंजिन बंद करून बघत बसतो.
पायरीवर पीठ सांडलेलं असतं.
फक्की कुठे संपली, मलाच कळत नाही.

यंदा रेणुका तिसरी आली.
तरी गेटातून जाताना, बरोब्बर तिथे,
तिचा खांदा अजून किंचित उचलला जातो.
मला दिसतं. सरांना दिसतं का, विचारलं नाही.

दुपारपर्यंत रस्त्यावरची रेघ उरत नाही.
टायर नेतात थोडी थोडी,
कुणी मार्केटकडे, कुणी पुलाखालून ठाण्याच्या बाजूला.
मी डबा उलटा करून झटकतो.
सोमवारी नवी गोणी सांगायला हवी.